चालू होताना दिसणारा उमेदवार

मुरारी पेडणेकर ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याविरुद्ध तक्रार गेली. गावातला कुठलाही कॉम्प्युटर चालू केला, की आधी त्याचा हसरा फोटो दिसत होता.

गावाचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. चोरीचं विंडोज ॲक्टिव्हेट व्हावं, अपडेट यावेत, म्हणून तो कॉम्प्युटरला जागं करणाऱ्या बायोसमध्येच फेरफार करायचा आणि जाहिरात म्हणून तिथे स्वतःचा फोटो घालायचा.

"आचारसंहिता लागलीय. फोटो काढा," निवडणूक अधिकारी म्हणाले.

मुरारी घरोघरी फिरला. मूळ बायोस परत घातला की फोटो जायचा, पण 'विंडोज अस्सल नाही' अशी सूचना यायची. मग मान खाली घालून खरं सांगावं लागायचं.

"म्हणजे इतकी वर्षं फसवलंस आम्हाला?" त्याला चौथीत शिकवलेल्या कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"होय, बाई."

बाई म्हणाल्या, "मतं मागायच्या दिवसांत कबुली देणारा तू पहिलाच रे!"

मुरारी एकेचाळीस मतांनी निवडून आला. हरलेल्या उमेदवाराने कार्यकर्त्यांना फैलावर घेतलं, "तो घरोघर खरं बोलत फिरत होता, तेव्हा तुम्ही काय झोपला होतात?"