तिसरा बार

दुसरा बारही सरळ गेला. खाणीच्या भिंतीवरून दगडाचा चुरा ओघळला. ऋतुजा मॅडमनी वहीत वेळ लिहिली.

"चाप ओढला की लगेच उडतंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा. काका, बास झालं."

पिस्तूल लाकडी ओंडक्याला आवळून बांधलं होतं आणि चापाला सुतळी लावली होती. सुतळीचं दुसरं टोक दहा पावलांवर म्हाताऱ्या तिप्पण्णाच्या हातात होतं. ठासणीची हत्यारं दुरुस्त करणारा सोलापुरात आता तो एकटाच उरला होता. प्रयोगशाळेच्या मॅडमनी असलं दीडशे वर्षांपूर्वीचं पिस्तूल कधी भरलेलं नव्हतं, म्हणून पोलिसांनी त्याला जुळे सोलापूरच्या पलीकडच्या या बंद खाणीत बोलावून घेतलं होतं.

मागे जीपच्या सावलीत महादेवी उभी होती. फिर्याद तिची होती. याच पिस्तुलानं दसऱ्याला कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनी गावात तिचा नवरा गेला. पूजा झाली की दर वर्षी दोघं भाऊ शेतात जाऊन तीन बार काढायचे. या वर्षी तिसरी गोळी धाकट्याच्या, शिवपुत्रच्या छातीत शिरली. थोरला गुरुशांत तीन महिने तुरुंगात होता आणि एकच सांगत होता. मी चाप ओढला, उडालंच नाही. काय झालं बघायला पिस्तूल वळवलं, तेव्हा आपोआप उडालं. तिथं तिसरं कुणी नव्हतं. महादेवीनं जबाबात सांगितलं होतं, की भावजी खोटं बोलतात, आठ दिवस दोघांचं बोलणं बंद होतं.

तिप्पण्णानं सुतळी खाली ठेवली. मग म्हणाला, "अजून एक काढू, मॅडम."

"कशाला?"

"त्यांनी तीन काढले हुते की."

त्यानं नळीत दारू ओतली, शिशाची गोळी गजानं ठासली, घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली. घोडा वर ओढताना त्याचा हात दोनदा थांबला. दहा पावलं मागे येऊन त्यानं सुतळी ओढली.

घोडा खटकन पडला. बाकी काहीच झालं नाही.

"फुसका," मॅडम म्हणाल्या आणि ओंडक्याकडे निघाल्या.

तिप्पण्णानं त्यांचा दंड धरून जोरात मागे खेचलं. "थांबा!"

पिस्तूल उडालं.

खाणीतले पारवे फडफडत वर गेले. दंड सोडवून घेत मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत होतं?"

"टोपीची ठिणगी आत दारूपर्यंत जायची वाट गंजून बारीक झालीय. दोन बार झाले की काजळी धरती. मग ठिणगी मधीच रेंगाळती." तिप्पण्णा खाली बघत होता. "श्रावणात गुरुशांत हे साफ करायला घिऊन आला, तवा माज्यापाशी असंच झालं. मी न्हाय सांगितलं त्याला."

"का?"

"मला दुरुस्त करता आलं न्हाय, असं म्हणायची लाज वाटली."

"आणि तीन महिने गप्प बसलात?"

"आज पण बसलो असतो. तुमी दोनावर बास म्हणालाच हुता."

मॅडमनी वही उघडली, पण पेन टेकवलं नाही. "हे लिहिलं तर तुमचं लायसन जाईल. गुन्हासुद्धा दाखल होईल, काका."

"लिवा."

त्या लिहायला लागल्या. महादेवी जवळ येऊन कधी उभी राहिली, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"म्हंजे भावजी खरं बोलत हुते?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"पोलिसांनी न्यायच्या आदी माज्या पाया पडत हुते. मी दार लावून घेतलं."

तिप्पण्णानं तिच्यासमोर हात जोडले. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पिस्तुलाकडे बघत होती. नळीतून अजून थोडा धूर येत होता.

"भावजी सांगत हुते, उडालं न्हाय म्हणून हे हसले. 'दादा, तुजं पिस्तूल थकलं' म्हणाले अन् हसत बगायला फुडं आले." ती थांबली. "मला वाटलं, सुटायसाठी सांगत्यात. आठ दिवस बोलत नव्हते ओ एकमेकांशी. मग हसले असतील का खरंच?"

मॅडमनी वही मिटली.

"अजून एकदा उडवा," महादेवी म्हणाली. "हसायला किती वेळ मिळाला त्यास्नी, मला मोजायचंय."

मॅडम नको म्हणणार होत्या. तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी मान डोलावली. तिप्पण्णानं पुन्हा दारू भरली, गोळी ठासली, टोपी बसवली. तो मागे आला आणि त्यानं सुतळी ओढली.

घोडा पडला.

महादेवी हळू आवाजात कानडीत मोजायला लागली. "ओंदु. एरडु. मूरु."

पिस्तूल उडालं. तिचे तीनच आकडे झाले होते. आवाज भिंतीवर आपटून परत आला आणि विरला.

"नाल्कु," महादेवी पुढं मोजतच राहिली. "ऐदु. आरु."