मडक्यातलं लेकरू

ब्रशच्या टोकानं शेवटची माती सरली आणि सोनाजी मास्तरांचा हात थबकला. आडव्या पुरलेल्या मडक्यात तान्ह्या लेकराची हाडं होती. बरगड्या काडीएवढ्या. कवटी चिरलेली, तरी एका कुशीवर वळलेली, निजल्यासारखी.

पंचाहत्तर सालचा वैशाख होता. साखऱ्याजवळ पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या, टेकाडावर पुण्याचे बर्वे सर उत्खनन करत होते, आणि शाळेला सुट्टी लागल्यापासून मास्तर तिथं बिनपगारी राबत होते. अशा हौशी मंडळींतून एकाचंच नाव सर पुण्याला रीतसर शिक्षणासाठी पाठवणार होते. ते आपलंच असावं, असं मास्तरांना मनापासून वाटे. आज हे मडकं सरांनी एकट्या त्यांच्या हाती सोपवलं होतं. "फोटो होईपर्यंत आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही," एवढं बजावून ते कॅमेरा आणायला तंबूकडं गेले होते. सर म्हणजे खड्ड्यात परक्या सावलीलाही पाय ठेवू न देणारा माणूस.

माती वाहणारी चतुराबाई घमेलं टेकवून वाकली.

"लेकरू हाय का, मास्तर?"

"व्हय, मावशी. त्या काळी घरातच पुरायचे. भुईखाली."

"घरातच?" तिनं आणखी वाकून मडक्यात पाहिलं. "बरं करायचे. माय जवळ ऱ्हायची."

फाल्गुनात मास्तरांचं स्वतःचं लेकरू गेलं होतं, नाव ठेवायच्या आधीच. ओढ्यापलीकडं त्यांनीच ते खाली ठेवलं, पहिली मूठ माती त्यांनीच टाकली. ती बापानंच टाकायची असते. आताही त्यांचा हात बाजूच्या ढिगाकडं गेला, मूठ भरली आणि मडक्यावर उघडली. बरगड्या झाकल्या गेल्या तेव्हा कुठं मास्तर भानावर आले.

तोवर सर काठावर येऊन उभे होते. "ही माती कुठून आली?"

"खड्ड्याची कड ढासळली, साहेब," चतुराबाई पटकन म्हणाली.

सरांनी कडेकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. मास्तरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाई, सर. मी टाकली. मूठमाती दिली."

सर खाली उतरून शेजारी बसले. रागावले नाहीत, तेच मास्तरांना जास्त लागलं.

"सोनाजी, तुमच्याइतका हलका हात इथं कुणाचा नाही. पण उद्या कुणी ही माती त्या काळची समजून तपासली असती, म्हणजे? यंदा तुमचं नाव मला पाठवता येणार नाही." मग त्यांनी ब्रश पुढं केला. "काढा."

आपणच दिलेली माती मास्तरांनी कणाकणानं काढली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. फोटो निघाला, आणि सर कॅमेरा घेऊन तंबूकडं निघून गेले.

चतुराबाई घमेलं उचलता उचलता हळूच म्हणाली, "मी सांगितलं व्हतं की कड ढासळली म्हनून. तुमी गप ऱ्हायाचं. पुण्याला गेला असता."

मास्तर मडक्याकडं बघत राहिले.

"लेकरासमोर खोटं कसं बोलू, मावशी?"