तोंडभर कौतुक

"बाबा, तब्येत तर तुमची एकदम खणखणीत आहे," डॉक्टरांनी खांद्यावर थाप मारली, आणि रखमाजी सावध झाले.

गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला, तेव्हा त्यांना जीपमध्ये आडवे घालून जुन्नरच्या या दवाखान्यात आणले होते. त्या दिवशी याच डॉक्टरांनी त्यांच्यात नाही नाही ती खोट काढली होती. रक्त कमी, छातीत कफ, नाडी अडखळती. "विड्या ओढून काय करून घेतलंय हे?" म्हणून खडसावलेही होते. पुण्याचे सर्जन येऊन हाड बसवतील, मग बाबा पायांवर उभे राहतील, असेही ते बोलले होते. रखमाजी मनातून सुखावले होते.

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांची हयात दलालीत गेली होती. ज्याला बैल घ्यायचा असतो, तो नावे ठेवतो. खूर वाकडा, दात जुने, चाल मंद म्हणत घोटाळत राहतो. ज्याला घ्यायचा नसतो, तो "झ्याक हाय जनावर" म्हणतो, थाप मारतो आणि पुढच्या दावणीकडे वळतो.

"ऑपरेशन कदी हाय मंग?" त्यांनी विचारले.

"त्याची कशाला एवढी घाई? घरी जा, घरचं खा," असे म्हणून डॉक्टर शेजारच्या खाटेकडे वळले.

मुलगा, गेणभाऊ, पायथ्याशी उभा होता. मोडलेल्या पायाला ताण देण्यासाठी दोरीने वीट टांगली होती. तो त्या विटेकडेच पाहत होता.

"आबा, तुमच्यावानी काटक गडी पंचक्रोशीत न्हाई."

"गेणू, माझी खोट सांग. येक तरी सांग."

"तुमच्यात कसली खोट, आबा?"

"काल विडी मागितली तर अंगावर आला व्हतास."

गेणभाऊने खिशातून विड्यांचे बंडल काढले आणि उशाशी ठेवले. काडेपेटीही ठेवली. "वढा की," तो म्हणाला आणि खाली पाहत बाहेर गेला.

रखमाजींनी बंडलाला हात लावला नाही. ते झुंबरबाईची वाट पाहत राहिले. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांचे एकही काम नावे ठेवल्यावाचून जाऊ दिले नव्हते. बाजारात कुणी पाठ फिरवली तरी चालेल. हे गिऱ्हाईक पाठ फिरवणारे नव्हते.

ती चहा घेऊन आली. पदराने कप धरून तिने तो त्यांच्या हातात दिला. रखमाजींनी तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि सगळा चहा मुद्दाम पांढऱ्या चादरीवर सांडला.

डाग पसरत गेला. बोल, त्यांनी मनात म्हटले. आंधळे झालात का म्हण. हात मोडले का म्हण.

झुंबरबाई वाकली. पदराचा बोळा करून तिने चादर टिपली, त्यांची हनुवटी पुसली.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी लई गुणाचं. जल्मात कदी कुणाला तरास दिला न्हाई."

आणि तिने त्यांच्या खांद्यावर हलकेच थाप मारली.