खांबेटे सरांचं शिफारसपत्र

"तू माझ्या वॉर्डात होतीस? मला आठवत नाही गं," पडद्यावरचे डॉ. खांबेटे म्हणाले.

सरांचं मन मार्चमध्ये यंत्रात उतरवून घेतलं होतं. शलाका त्यांच्या वॉर्डात आली जूनमध्ये, आणि दिवाळीच्या तोंडावर सर गेले. शेवटी त्यांच्या छातीवर दाब देत राहिलेले हात तिचेच होते. आता विद्यार्थ्यांना शिफारसपत्रं पडद्यावरचे सर देत. पण तुम्ही गेलात, हे त्यांना सांगायला कॉलेजात कुणाचीच जीभ रेटली नव्हती.

"ओळखदेख नसताना पत्र कसं देऊ? कधी होतीस, ते तरी सांग."

तेवढं सांगायचं, तर सगळंच सांगावं लागणार होतं. शलाकानं खुर्ची ओढली, ती समोर बसली आणि तिनं मोबाइल बंद केला. राउंडला सर नेहमी बजावत, वाईट बातमी उभ्या उभ्या द्यायची नाही. आधी बसायचं, मोबाइल बंद करायचा, मग नातेवाइकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं.

पडद्यावरचे सर तिच्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे होतीस तू माझ्याकडे," ते हळूच म्हणाले. "पत्र देतो. आता सांग पोरी, कोण गेलं?"