दरीपार

लाम्बेर्ता बातमीच्या दुसऱ्याच वाक्यावर होती, तेवढ्यात मायक्रोफोनवरचा लाल दिवा विझला. डोक्यावरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

"गेली," काचेपलीकडून आगापितोकाका म्हणाले. रेडिओची यंत्रं तेच सांभाळत. त्यांनी खिडकीतून खाली बाजाराकडे पाहिलं. बर्फवाल्याकडे दिवा जळत होता, चर्चचा भोंगा चालू होता. "सगळीकडे आहे. फक्त आपलीच गेली."

दारात विदाल उभा होता. तो प्रशासक साहेबांचा माणूस. डोंगरातल्या दवाखान्यांसाठी आलेली हिवतापाची औषधं साहेबांच्या गोदामात पडून होती, आणि ती बातमी हातुमेता गावच्या रेडिओवरून जायची नाही, असं तो सकाळीच बजावून गेला होता. लाम्बेर्ताने ती खोकी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"सांगितलं होतं ना, ताई," विदाल म्हणाला. आवाजात दरारा नव्हता, थोडी काळजीच होती. "आता घरी जा, जेवून घे. उद्या गाणी लाव. वीज आपोआप येईल."

"काल पलीकडे लेब्रुतुत तापाने पोर गेलं, विदाल. त्याच्या आईला गाणी ऐकवू?"

विदाल दारातून बाजूला झाला.

लाम्बेर्ता उठली आणि बाहेर कड्यावर आली. खाली दरी, तळाशी नदी, समोरच्या उतारावर विखुरलेली गावं. पूर्वी कुणी मेलं, कुणाची म्हैस हरवली, की लोक इथूनच पलीकडे हाका घालत. रेडिओ आला आणि ते बंद पडलं. तिने तोंडापुढे हात धरले आणि ती जीव खाऊन औषधांची बातमी ओरडली. रेडिओवरची तेतुम भाषा नव्हे, आईकडून शिकलेली मांबाई आपसूक तोंडात आली. दोन-तीन वेळा ओरडताच आवाज फाटला.

"अगं, वारा तरी ऐकतोय का?" मागून विदाल म्हणाला.

वाऱ्याचं माहीत नाही, पण कड्याखालच्या टप्प्यावर कॉफी वाळत घालणाऱ्या ब्रांदिनाआजीने ऐकलं होतं. तिने कंबर सरळ केली, पानाची पिंक टाकली.

"काय गं? कुठं आहेत म्हणालीस औषधं?"

"साहेबांच्या गोदामात!"

"साहेबांच्या? मग मोठ्यानेच सांगायला हवं."

म्हातारी दरीकडे वळली. "औषधंऽऽ गोदामाऽऽत!" तो आवाज तिच्या एवढ्याशा देहातून आला यावर कुणाचा विश्वास बसला नसता. खाली मक्यात वाकलेल्या बायका उभ्या राहिल्या. त्यांनी तो उचलला. ताडावर चढलेल्या माणसाने वरूनच पुढे धाडला. नदीकाठी म्हशी धुणाऱ्यांनी पाणी ओलांडून दिला. मग पलीकडचा उतार बोलू लागला. हाक एकेका घराजवळून वर चढत होती, आणि ती पोचेल तिथे माणसं अंगणात येत होती.

लाम्बेर्ता कधीपासून बंद खोलीत भिंतीकडे तोंड करून बातम्या वाचत आली होती. आपलं बोलणं कुठे जातं, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती. आगापितोकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. विदालही कड्याशी आला होता.

हाक ढगात शिरली. सगळं शांत झालं.

मग ढगातून काहीतरी परत आलं. बारीक, तुटक, पण माणसाचंच. उतारावरून, नदीवरून, मक्यातून ते जवळ येत गेलं. ब्रांदिनाआजीने कानामागे हात धरला.

"लेब्रुतुला मिळाली नाहीत म्हणतात," तिने वर सांगितलं. थांबली. "ताताउलाही नाहीत. तिथं दोघं तापाने फणफणलीत."

ताताउ हे विदालचं गाव. त्याची आई तिथे एकटी राहायची.

"आणि विचारतायत, गोदाम कुठं आहे?"

लाम्बेर्ताने तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. ती खोकत खाली बसली. आगापितोकाकांनी विदालकडे पाहिलं.

विदाल पुढे झाला, आणि त्याने दोन्ही हात तोंडापुढे धरले.

"चर्चच्या माऽऽगे!"

ते उत्तर पलीकडे पोचायला थोडा वेळ लागला. मग समोरच्या पायवाटांवरून माणसांचे ठिपके खाली उतरू लागले.