चालू असल्याची खूण

मोनिकानं उबवणीच्या पेटीचं झाकण उघडलं. अंडी गार! सव्वादोनशे अंडी, विसावा दिवस, उद्या पिल्लं निघायची. आणि मोबाइल सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी सांगत होता: ऊब चालू आहे.

पेटी तिनंच बांधलेली, पेटीच्या कॉम्प्युटरातले दोन्ही प्रोग्रामही तिचेच. एक ऊब राखणारा. दुसरा त्याचा राखणदार. पहिला चालू आहे ना ते बघायचं, नसला तर चालू करायचा. पहिला सुरू होताना एक खूण ठेवायचा, बंद होताना पुसून जायचा. राखणदार तेवढी खूण बघायचा, बस्स. पहाटे लाइट गेली तसा पहिला खूण न पुसताच बंद पडला. लाइट आल्यावर राखणदार उठला, त्याला जुनी खूण दिसली आणि तो मोबाइलवर 'चालू आहे' कळवत राहिला. दारात चपला दिसल्या म्हणजे माणूस घरात, असला त्याचा कारभार!

तिनं खूण पुसून ऊब सुरू केली आणि शेजारच्या धुळाजीला हाक मारून बोलावलं. "आबा, मीच मारली हो पिल्लं. गावातल्या बायांनी भरवशानं अंडी दिल्ती. गिरिजाबाईची तर कोंबडीबी ऱ्हाईली न्हाई. काय तोंड दाखवू तिला?"

धुळाजीचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यानं घमेल्यात कोमट पाणी ओतलं.

"पावलं दिसली म्हणून मेंढरू कळपात हाय, असं नसतं बाई. हाक मारावी लागती. ओ दिली तर हाय. आण एकेक. आत जीव असंल तर पाण्यावर हालंल."

पहिलं अंडं तरंगलं, पण गप्प. दुसरं गप्प. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. मोनिकाला पुढचं उचलवेना. धुळाजीनंच उचललं, गिरिजाबाईचं, कोळशाच्या फुलीचं. ते जरासं डुललं.

"पाणी हाललं असंल," मोनिका म्हणाली. आता तिचा कशावरच भरवसा उरला नव्हता.

धुळाजीनं घमेल्यावरचे दोन्ही हात काढून घेतले. पाणी बिलकुल थांबलं.

अंडं पुन्हा डुललं.

मोनिका हमसून हमसून रडायला लागली.

"एक," धुळाजी म्हणाला. "रडणं मागून. आण पुढचं, जल्दी."