एकटा पडलेला सर्व्हर

महापेतल्या डेटा सेंटरमध्ये उज्वलाच्या स्क्रीनवर लाल अक्षरं झळकली. रस्ता खोदताना केबल तुटली होती. शहरभर अँब्युलन्स पाठवणाऱ्या तीन सर्व्हरपैकी इथला एक बेलापूरच्या दोघांपासून दुरावला आणि त्याने आपणहून काम थांबवलं. “बघतेस काय? जबरदस्तीने चालू कर!” तिचे वरिष्ठ शेलारसाहेब ओरडले. उज्वलाने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. “नको सर. तिकडचे दोघे चालू असले, तर एकच गाडी दोन ठिकाणी धाडली जाईल. एकटं पडल्यावर निर्णय घ्यायचा नाही, असंच शिकवलंय त्याला.” “आणि ते बंद असले तर?” तिने अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमला फोन लावला. “केबल तुटली? आम्हाला कळलंसुद्धा नाही!” पलीकडून तिथली सुनयना म्हणाली. “आत्ताच कोपरखैरण्याला गाडी पोचली.” साहेब मटकन बसले. गप्प राहिलेल्या त्या यंत्रापुढे उज्वलाचे हात नकळत जोडले गेले.